बाभळीच्या बनातल्या रेघा

मला सांगायचं नव्हतं, पण सून पिच्छाच सोडत नाही.

फार मागे एका माळावर मेंढ्या पुष्कळ, शेळ्या थोड्या. शेळ्या सगळ्या बाभळीच्या बनात राहायच्या. माळाचे वाटे तीन, दर वाट्याला एक पंच, आणि तिघंही हो म्हणाल्याशिवाय झाड तोडायचं नाही, असा रिवाज. बन सगळं एकाच वाट्यात, म्हणून तिथला पंच मतांनी शेळीच व्हायची, आणि ती नाही म्हणायची. मेंढ्यांना तर बन तोडून गवत हवं होतं. मग एडक्यानं खुरानं नव्या रेघा ओढल्या. बनाचे तुकडे तिन्ही वाट्यांत गेले.

"एडक्या, घर फाडलंस की रे आमचं!" म्हातारी शेळी ओरडली.

"बोंबलू नको. तुझं मत काढून घेतलंय का कुणी?"

एकूणएक शेळीनं मत दिलं. तरी दर वाट्यात मेंढ्याच जास्त भरल्या, आणि तिन्ही पंच मेंढ्या झाल्या. बन आडवं झालं.

आमची वस्ती अशीच तीन वॉर्डांत वाटून टाकणाऱ्या भिवसेन सरपंचानं अजून माझी माफी मागितलेली नाही.