गिरणीवाल्याने घेतलेला विजय

एका गावात एक पिठाची गिरणी होती, आणि गिरणीवाल्याला बुद्धिबळाचं वेड होतं. गावात त्याच्याशी खेळणारं कुणी नव्हतं. म्हणून तो मोबाइलवर दूरच्या डोंगरातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांशी खेळे. एकाने चाल करायची, दुसऱ्याने ठरलेल्या मुदतीत सवडीने उत्तर द्यायचं; एकेक डाव महिनोन् महिने चाले. खेळ त्याला मास्तरांनीच शिकवला होता, तोंडसुद्धा न पाहता.

मास्तरांना त्याने एकदाही हरवलं नव्हतं. या खेपेला मात्र दळणाला येणाऱ्या बायकांना छातीठोक सांगून बसला, "हा डाव माझा. जिंकलो की पेढे!"

आणि त्याच डावात त्याचा वजीर कोंडला गेला. आता मास्तरांची चाल आली की वजीर जाणार, असं त्याला दिसत होतं.

पण चाल येईना. एके सकाळी मोबाइलवर अक्षरं उमटली, 'समोरच्याची मुदत संपली. विजय घ्यायचा की वाट पाहायची?'

खाली निरोप लिहायला जागा होती. 'मास्तर, आहात ना?' एवढं लिहायला काय लागतं? बोट तिथवर गेलंही. पण विचारलं तर मास्तर उत्तर देतील, आणि उत्तरापाठोपाठ चालही येईल. त्याने बोट सरकवलं आणि विजय घेतला.

पेढे आले. कासारीण दळण न्यायला आली होती. तिच्या हातावरही पेढा पडला.

"जिंकलास? वजीर तर कोंडलाय म्हणाला होतास!"

"मास्तरांची वेळ संपली, मावशी. नियमाने जिंकलो."

"का संपली? आजारी-बिजारी नाहीत ना?"

"असतील कुठंतरी."

"विचारलंस?"

गिरणीवाला उगाच पट्टा बघायला वाकला.

"अरे, परवा मी बांगड्या भरायला गेले आणि माझ्या डब्याचा नंबर आला. तेव्हा डबा मागे सारलास का? दारात येऊन बोंबललास, 'कासारीण मावशी कुठंय?' सगळ्या आळीला ऐकू गेलं. ओंजळभर ज्वारीसाठी हाका मारतोस, आणि ज्याने खेळ शिकवला त्याला एक नाही?"

तिने पेढा परत पुड्यात ठेवला.

"साखर कमी पडली का गं मावशी?" एकीने चिमटा काढला. बाकीच्या हसल्या, पण पेढा कुणाला गिळवेना.

तेवढ्यात मोबाइल वाजला. निरोप मास्तरांचा होता. "मोठ्याने वाच की!" बायका म्हणाल्या. इतके दिवस डावाची बढाई मोठ्यानेच मारली होती, आता नाही कसं म्हणणार? तो वाचू लागला.

"अभिनंदन! आमच्याकडे दरड कोसळून तारा तुटल्या, मोबाइल बंद पडले. पण मी डाव लाकडी पटावर मांडून ठेवला होता. तुमचा वजीर घेतला, तर तुमच्या घोड्याने मला मात होती. न घेतला, तरी माझी सुटका नव्हती. डाव तुम्ही खेळूनच जिंकला असतात. शाबास!"

त्याने निरोप शेवटपर्यंत वाचला. रागाचा एक शब्द असता तर बरं झालं असतं. त्याला मान वर करवेना.

त्याने लिहिलं, "चुकलो, मास्तर. विचारायला हवं होतं. तिथूनच पुन्हा खेळूया का?"

"लागलेला निकाल पुसता येत नाही," उत्तर आलं. "नवा डाव मांडा."

नवा डाव सुरू झाला. मास्तर पूर्वीसारखेच गोड बोलत, चुकलेली चाल समजावून सांगत. फरक एकच झाला. पूर्वी ते कधी उशिराची परवानगी मागत नसत. आता दर थोड्या दिवसांनी निरोप येई, "उद्या नातीला डॉक्टरकडे न्यायचंय. चालीला उशीर झाला तर चालेल ना?"

ज्याच्याकडून शिकला, तो म्हातारा माणूस त्याच्याकडे सवड मागत होता. दर वेळी गिरणीवाला 'चालेल' असं लिही आणि मोबाइल पालथा ठेवी.

तात्पर्य, आणि हे नीट घोटून घ्या: मुदत संपली की विजय घेता येतो, पण घ्यायलाच हवा असं कुणी सांगितलेलं नाही. आधी माणसाला विचारा. आणि विचारायचीच भीती वाटत असेल, तर आपण काय करतोय हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं.