दराऱ्याची निळी रेघ

"माझा दरारा मोजून दाखवा! सूर्य मावळायच्या आत! नाहीतर हे यंत्र जाईल तळ्यात आणि ते आणणारा दूत जाईल तुरुंगात!"

राजा दुर्गभानाने सिंहासनावर मूठ आपटली आणि भरला दरबार चिडीचूप झाला.

झालं होतं असं, की समुद्रापलीकडच्या राजाने त्या सकाळी दुर्गभानाला भेट म्हणून एक भलाथोरला खोका पाठवला होता. खोका फोडायला कोठीघरातून ठकीला बोलावलं. ठकी म्हणजे राजवाड्यातल्या मशालजीची लेक. हातात पहार आणि जिभेला लगाम नाही! तिने खटाखट खिळे उपटले, तर आत दुसरा खोका. तो उघडला, तर आत भुसाच भुसा! ठकीने कोपरापर्यंत हात खुपसले. भुसा उडाला तो थेट प्रधानजींच्या नाकात. प्रधानजी अशा काही शिंकले, की त्यांची पगडी खोक्यात आणि खोक्यातली पितळी पेटी ठकीच्या हातात!

किती देखणी पेटी! लेकरासारखी कडेवर घ्यावी एवढीशी. वर धरायला कडी, बाजूला किल्ली, पोटात कागदाची गुंडाळी आणि गुंडाळीवर टेकलेल्या दोन चिमुकल्या लेखण्या. एक लाल, एक निळी. मागून शेवयांसारख्या तारा लोंबत होत्या.

"किल्ली फिरवली की कागद सरकतो," दूत म्हणाला. "तारांची टोकं कशालाही लावा. ऊब वाढली की लाल रेघ चढते, ऊब घटली की उतरते. आणि काही थरथरलं, की निळी रेघ उड्या मारते. पेटी सगळं टिपून ठेवते!"

मग काय विचारता! कुणी तारा तापल्या दुधाच्या पातेल्याला लावल्या, लाल रेघ सरसर वर! कुणी नगाऱ्याला लावल्या, निळी रेघ माकडासारखी उड्या मारायला लागली! "आता माझ्या पोटाला लावा!" म्हणून राजवैद्यसुद्धा रांगेत घुसले.

"बाजूला व्हा सगळे!" राजा गरजला. त्याने तारा आपल्या मुकुटाला लावल्या. दोन्ही रेघा सरळ. तलवारीला लावल्या. सरळ. शेवटी मिशीच्या आकड्यांना गुंडाळल्या. तरीही सरळच! आपला एवढा दरारा आणि पेटीला त्याचा पत्ताच नाही? तिथेच त्याचं डोकं फिरलं आणि त्याने तो हुकूम सोडला.

दूत पांढराफटक पडला. त्या शांततेत एकच आवाज आला. "फिस्स!"

"कोण हसलं?"

"मी, महाराज," ठकी म्हणाली. "मिशीला तारा फार शोभत होत्या!"

"असं? मग माझा दरारा तूच मोज. नाही जमलं, तर दूताच्या शेजारच्या कोठडीत तू!"

तिने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा थरथरणाऱ्या दूताकडे. मग पदर खोचला.

"मोजते की! पण महाराज, आपण आधी बाहेर जा."

"काय? माझा दरारा आणि मीच बाहेर?"

"मी मशालजीची लेक. मशालीचा उजेड बघायचा, तर मशालीत डोळे घालून चालत नाही. भिंतीकडे बघावं लागतं!"

राजा धुसफुसत बाहेर गेला. ठकीने तारा प्रधानजींच्या तळहाताला बांधल्या आणि किल्ली फिरवली. प्रधानजींनी छान जांभई दिली. रेघा संथ चालल्या होत्या.

इतक्यात दार धाडकन उघडलं. "प्रधानजी!" राजा ओरडला.

प्रधानजी ताडकन उठले. निळी रेघ अशी उसळली, की कागदावर डोंगरच डोंगर उभे राहिले!

"हा घ्या आपला दरारा!" ठकीने पट्टी फाडून राजापुढे धरली.

राजा खूश! पण हट्टी माणूस तो. "आता माझ्याच हाताला बांध," तो म्हणाला. "मी कुणालाच भीत नाही, हेही लिहू दे पेटीला!"

ठकीने तारा बांधल्या. राजा मिशीला पीळ देत बसला. रेघा सरळ.

"राणीसरकार येत आहेत!" दारावरचा चोपदार ओरडला.

आणि निळी लेखणी अशी उडाली, अशी उडाली, की शाई थेट प्रधानजींच्या नाकावर!

राणी चंद्रावळी पुढे आली. दाराबाहेरून तिने सगळं ऐकलं होतं. तिने पेटीतली नवी पट्टी फाडली, प्रधानजींच्या पट्टीशेजारी धरली आणि भुवई उंचावली. "इथेही डोंगर, तिथेही डोंगर! म्हणजे महाराज मला घाबरतात?"

राजा मानेपर्यंत लाल झाला. "ठके," तो दात आवळून म्हणाला, "काय लिहिलंय, नीट वाच. जपून वाच!"

ठकीने पट्ट्यांवर नजर फिरवली आणि तिचा चेहरा फुलला.

"राणीसरकार, निळीबरोबर लालही बघा ना! प्रधानजींनी महाराजांना पाहिलं आणि त्यांचे हात गार पडले. त्यांची लाल रेघ बघा, कशी खाली घसरलीय. तो दरारा. महाराजांनी आपल्याला पाहिलं आणि त्यांची लाल रेघ चढलीय वर! दराऱ्याने कधी कुणाला ऊब येते का? हे प्रेम आहे, सरकार!"

राणी लाजली. दरबार टाळ्यांनी दणाणला. राजाने मात्र ठकीला जवळ बोलावून हळूच विचारलं, "खरं सांग पोरी. प्रेमच ना ते? की लाजेने अंग तापलं?"

"महाराज," ठकी तितक्याच हळू म्हणाली, "राणीसरकार इथेच उभ्या आहेत. बोला, काय लिहिलंय म्हणून सांगू?"

"प्रेम! प्रेमच!" राजा ओरडला आणि पोट धरून असा हसला, की निळ्या लेखणीने कागद संपेपर्यंत उड्या मारल्या. डोळे पुसत त्याने दूताला शालजोडी दिली, आपल्या गळ्यातला मोत्यांचा कंठा ठकीच्या गळ्यात घातला आणि ती पितळी पेटी कायमची तिच्या कडेवर दिली!