हळदीचा माठ

साल कुणाच्याच लक्षात नाही इतक्या जुन्या काळी, डोंगरातून येणाऱ्या एका पाटावर एक गाव जगत होतं. पाटाचं पाणी कुणाला सोडायचं ते पाटील ठरवायचा. त्यामुळे वरच्या आळीचे मळे हिरवे आणि खालच्या आळीची वांगी सुकलेली.

मग राजाचा हुकूम आला, "यापुढे पाटाचा कारभारी गावानेच निवडावा."

पाटील उभा राहिला. त्याच्यासमोर खालच्या आळीतला म्हातारा गवंडी उभा राहिला. गवंडी म्हणाला, "मी आलो तर पाणी पाळीने. आज वर, उद्या खाली."

देवळात पडद्यामागे दोन माठ ठेवले. प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या माठात एक चिंचोका टाकायचा. आवाजावरून माठ ओळखू येऊ नये म्हणून हात पार तळापर्यंत घालायचा. पहिल्यांदाच निवडत होती माणसं, पण विचार केला होता हो त्यांनी!

पाटील म्हणाला, "शुभकार्य आहे. माझा माठ मी आतून ओल्या हळदीने माखतो."

हळदीला नको कोण म्हणणार?

रांगेत सगळ्यांत पुढे खालच्या आळीतली एक सून होती, कडेवर लेकरू घेऊन. ती पडद्याबाहेर आली, तर दारातच पाटील प्रसाद वाटत उभा.

"हात पुढे करा, वहिनी."

तिने केला.

"अरेच्चा, कोराच राहिला की!" एवढंच बोलून पाटील हसला. तिने लेकराला घट्ट धरलं.

हे सगळ्या रांगेने पाहिलं. त्यानंतर गवंड्याचा सोडून बाहेर आलेला एकेक हात पिवळा होता.

तुम्ही म्हणाल, हात त्या माठात बुडवायचा आणि चिंचोका दुसऱ्यात टाकायचा! घरी बसून मलाही हे सुचलं. पण कडेवर लेकरू घेऊन त्या रांगेत सुचलं असतं का, कुणास ठाऊक.

राजाच्या माणसाने चिंचोके मोजले. गवंड्याच्या माठात दोनच निघाले, त्यातला एक त्याचा स्वतःचा. "मोजणी अगदी चोख," असं म्हणून राजाचा माणूस घोड्यावर बसला.

पाणी खाली आलंच नाही. सुनेची वांगी जळली, तशी पिवळ्या हातांच्या शेजाऱ्यांचीही. ते पाटलाकडे धावले. "पाटील, आम्ही तर तुमच्याच माठात टाकला होता!"

"मग रडता कशाला?" पाटील म्हणाला. "तुम्हीच निवडलंय ना मला?"

परतताना त्यांना दिसलं, ती सून लेकराला घेऊन, डोक्यावर बोचकं घेऊन गाव सोडून निघाली होती. तिला वाट द्यायला सगळे बाजूला झाले.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवायचं ते एवढंच: जिथे मत देणाऱ्याला आपला हात दाखवायची भीती वाटते, तिथे मोजणी कितीही चोख झाली तरी निवड खोटीच असते.