गोणपाटाचं दुसरं टोक

“...आणि फिलिपनं आज हरावं असं मला अगदी मनापासून वाटतंय. हे वाईट आहे का, सर?”

मुजावर सर जाळीचा उसवलेला काठ सुतळीनं शिवत होते. त्यांनी टाका ओढून घेतला, गाठ मारली.

“वाटतंय न्हवं?”

“वाटतंय.”

“मग वाटू दे की. वाटण्याला कोण काय करणार.”

 एवढ्या लांबून श्रेणिक काही हे ऐकायला आला नव्हता.

मिरजेतल्या आमच्या जुन्या क्लबातली ही गोष्ट, नोव्हेंबर संपता संपतानाची. मी शेजारच्या बाकावर बुटाच्या नाड्या बांधत होतो. मी वकील. टेनिस मला कधी आलं नाही आणि मी ते कधी सोडलंही नाही. त्यामुळे या कोर्टावर जे काही घडतं, ते बघायला मी बहुतेक वेळा हजर असतो.

श्रेणिक चौगुले हा मुजावर सरांच्या हाताखाली याच मातीवर तयार झाला. फिलिप सातपुतेही इथलाच. लहानपणी दोघांत मिळून एक धड रॅकेट होती. आता दोघं जगभर हिंडून खेळतात आणि जगाच्या क्रमवारीत शंभराच्या आसपास घुटमळतात. आमच्या गावाला याचा फार अभिमान आहे, फक्त तो दाखवायला कोर्टावर कुणी येत नाही.

त्या संध्याकाळचा पेच साधा होता. जानेवारीत मेलबर्नला मोठी स्पर्धा असते. पहिल्या शंभराला तिथं थेट प्रवेश, बाकीच्यांनी पात्रता फेऱ्यांत घाम गाळायचा. ती यादी दुसऱ्या दिवशी, सोमवारी ठरणार होती. टेनिसमध्ये कमावलेले गुण वर्षभरच टिकतात. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात ते गळून पडतात. श्रेणिकचे गळून पडले होते आणि हंगामाच्या शेवटच्या स्पर्धेत तो पहिल्याच फेरीत हरला होता. यादीच्या अगदी काठावर तो कसाबसा लटकून होता. फिलिप तिकडे पोर्तुगालमध्ये अंतिम सामना खेळत होता. फिलिप जिंकला की तो आत, श्रेणिक बाहेर. तो हरला की श्रेणिक आत.

श्रेणिकनं तिशी ओलांडलेली. गुडघा एकदा फाडून शिवलेला. मेलबर्नच्या मुख्य फेरीत तो एकदाही खेळला नव्हता, आणि आता नाही तर कधीच नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

तो फोन उपडा ठेवायचा. उलटा करून स्कोर बघायचा. पुन्हा उपडा ठेवायचा.

“त्यो फोन वकिलांकडं दे,” सर म्हणाले.

त्यानं दिला. 

“फिलिपशी बोलणं कधी झालं शेवटचं?” सरांनी विचारलं.

“ऑगस्टमध्ये.”

“भांडलासा काय?”

“भांडण नाही, सर. तो फोन करायचा... मीच उचलायचं बंद केलं.”

मग त्यानं बरंच काही सांगितलं. खर्च वाचावा म्हणून दोघं वर्षानुवर्षं एका खोलीत राहत, एकत्र सराव करत. या उन्हाळ्यात फिलिपचे गुण वाढत गेले आणि तो मागून अगदी जवळ आला. पाठलाग करणाऱ्याला आपली सर्व्हिस रोज कशाला दाखवायची, असं श्रेणिकच्या मनात आलं. आधी सराव वेगळा झाला, मग खोली, मग जेवणाचं टेबल. जगात सगळे असंच करतात, असं तो दोनदा म्हणाला.

सरांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

“जरा सर्व्हिस मार बघू,” ते म्हणाले. “बसून बसून आंबशील.”

श्रेणिक उठला. रेल्वेच्या रुळांकडची बाजू लहानपणापासून त्याची आणि चिंचेच्या झाडाकडची फिलिपची. तो सवयीनं रुळांकडेच गेला. पहिलाच चेंडू चिंचेखालच्या कोपऱ्यात पडून कुंपणावर आदळला.  किती वर्षांत आमच्या कोर्टानं असा आवाज ऐकला नव्हता. एरवी आम्ही म्हातारे चेंडूला नुसतं गोंजारतो.

त्या काळी रोज संध्याकाळी हाच आवाज यायचा. दोन किडकिडीत पोरं, ढगळ चड्ड्या, घोट्यापर्यंत लाल माती. पंच वगैरे कोण असणार? चेंडू आत की बाहेर, ते मातीवर उमटलेला ठसा सांगायचा. दोघं गुडघे टेकून त्या ठशावर वाकायचे आणि चिंचेवरचे पक्षी उडून जातील एवढं भांडायचे.

खेळ संपला की कोर्ट पुसायचं. गोणपाटाचा लांबरुंद पट्टा, दोन टोकांना दोन दोऱ्या. तो मातीवरून ओढत नेला की ठसे, पावलं सगळं पुसून जातं आणि मग पाणी मारता येतं. पुसायचं काम जिंकणाऱ्याचं. पण पट्टा एकट्याला आवरत नाही, म्हणून दुसरं टोक हरलेल्यानं धरायचं. आणि जिंकलेल्यानं त्याला तोंडानं विचारायचं, “टोक धरतोस का?” त्यानं हो म्हटल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. हा मुजावर सरांचा नियम. पट्ट्याच्या मधोमध एकच दोरी बांधली तर एका माणसात काम भागेल, अशी युक्ती मी एकदा सुचवली होती. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचा आठवडाभर मी क्लबात गेलो नाही.

फिलिप हरला की फार रुसायचा. एकदा तो चिंचेखाली पाठ करून बसला आणि बोलेचना. श्रेणिक गोणपाट घेऊन पुन्हा पुन्हा विचारत राहिला. अंधार पडला, दोघांच्या आया शोधत आल्या. शेवटी श्रेणिकच रडायला लागला, तेव्हा कुठं फिलिप उठला आणि टोक धरून त्याच्याहून जोरात रडत चालू लागला. ते आठवलं की मला अजून हसू येतं.

एवढ्यात हातातला फोन थरथरला.

फिलिप हरला होता. तिसऱ्या सेटमध्ये, टायब्रेकवर.

मी श्रेणिकला हाक मारली. खरं सांगायचं तर मला आनंद झाला नाही आणि वाईटही नीट वाटलं नाही. स्वतःच्या दोन पोरांपैकी एकालाच नोकरी लागल्यासारखं झालं.

श्रेणिकनं रॅकेट खाली ठेवली. जिथं होता तिथंच मातीत बसला आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसलं. खांदे हलत होते. बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली तेव्हा तो हसत होता. आईला फोन करतो, म्हणाला. त्याचं बोलणं होईपर्यंत सर थांबले.

“जिंकलास.”

“हो, सर.” तो त्यांच्या पाया पडला.

सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. थोडा वेळ तसाच राहू दिला.

“मग गोणपाट काढ.”

श्रेणिकला वाटलं, सर गंमत करतायत. सर गंमत करत नव्हते.

त्यानं शेडमधून पट्टा आणला. मी उठू लागलो, तर सरांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबून मला खाली बसवलं. श्रेणिकनं एक दोरी खांद्यावर टाकली आणि रुळांकडच्या बाजूनं ओढायला सुरुवात केली. मोकळं टोक मागे पडलं, पट्टा वळून दोरखंडासारखा झाला. पाय रोवून रोवून तो कडेकडेनं फिरला, मग मधून, मग पुन्हा कडेनं. पुसलेल्या जागेवर त्याचीच पावलं उमटत होती. जगात शंभराच्या आतला खेळाडू, आणि अर्धं कोर्ट पुसताना त्याला फेस आला.

कसंबसं ते उरकून तो जाळीला वळसा घालून चिंचेकडे निघाला.

“तिकडं न्हाई,” सर म्हणाले.

तो थांबला. त्या बाजूला त्याच्या सर्व्हिसचे ठसे तसेच होते.

“एकट्यानं नाही होत, सर.”

“व्हय.”

“मग...?”

सर सुतळीचं रीळ गुंडाळत राहिले.

श्रेणिक कितीतरी वेळ दोरी हातात धरून उभा होता. रुळांवरून एक मालगाडी गेली. ती पार लांब जाईपर्यंत तो तसाच उभा. मग माझ्याजवळ आला आणि फोन मागितला. ऑगस्टपासून न उचललेलं ते नाव त्यानं शोधलं. अंगठा त्यावर टेकला, उचलला, पुन्हा टेकला.

“काय म्हणू मी त्याला? तू हरलास म्हणून मी आत आलो, हे?”

“त्याला ठावं हाय ते.”

“सर, तो उचलणारसुद्धा नाही.”

“त्यानं किती डाव फोन केलता, ऑगस्टात?”

श्रेणिकनं खाली बघितलं. त्यानं बटण दाबलं.

रिंग वाजत राहिली; मी इतका जवळ होतो की मलाही ऐकू येत होती. आता बंद होणार असं वाटलं, तेवढ्यात तिकडून उचलला गेला. कुणीच बोललं नाही. मागं कुठंतरी दार आपटल्याचा आवाज आला, नळ वाहत असल्याचा. कपडे बदलायच्या खोलीत असावा.

श्रेणिकनं तोंड उघडलं आणि मिटलं. 

“फिल्या,” तो शेवटी म्हणाला. आवाज फाटला होता. “टोक धरतोस का?”

तिकडचा नळ बंद झाला. आम्ही तिघं, कोर्टाचा अर्धा पुसलेला आणि अर्धा न पुसलेला तुकडा, चिंच, सगळेच थांबलो होतो. मला वाटलं, ठेवला त्यानं फोन.

मग खूप लांबून, नाक ओढल्यासारखा एक आवाज आला.

“सर आहेत का तिथं?”

श्रेणिकनं फोन सरांच्या कानाला लावला. सरांनी त्याचं मनगट धरून ठेवलं. तिकडून फिलिप काहीतरी विचारत होता. सर ऐकत होते आणि न पुसलेल्या मातीकडे बघत होते. त्यांचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

“न्हाई रं,” ते म्हणाले. “अर्धंच झालंय. चिंचंकडचं तसंच ठेवतो.”