नाक खाली, वेग वर

एका गावात एक भोळा इंजिनिअर होता. श्रीपाद टेंगशे त्याचं नाव. इंजिनिअर असून भोळा कसा, असं विचारू नका. पहिल्या वर्गात पास झाला होता. सांगितलं तेवढंच करायची सवय त्याला कॉलेजातच लागली.

गावाबाहेर जुनी धावपट्टी होती आणि तिच्या कडेला सरनोबतबाईंचा कारखाना. बाई स्वतः वैमानिक. सात वर्षं खपून त्यांनी छोट्या विमानांसाठी ऑटोपायलट बनवला होता, म्हणजे विमान आपोआप चालवणारं यंत्र. शनिवारी सरकारी तपासनीस येणार होते. त्यांची सही मिळाली तर ठीक, नाहीतर कारखान्याला टाळं. बाईंना प्रश्न विचारणाऱ्या माणसांचा भारी तिटकारा, म्हणून जाहिरातीत त्यांनी ‘आज्ञाधारक मदतनीस पाहिजे’ असं छापलं होतं. देवाने त्यांचं ऐकलं.

काम सोपं होतं. बाईंनी विमान उडवायचं आणि श्रीपादने शेजारी बसून एक नॉब फिरवायचा. तंबोऱ्याची तार लावतात तसं ते यंत्र लावायचं, म्हणजे मग ते नाक वरखाली करून वेग बरोबर नव्वदवर ठेवतं. बुधवारी श्रीपादने नॉब असा पिळला की विमान हवेतच उठाबशा काढू लागलं. बाईंचा सकाळचा चहा घशाशी आला.

“थोडंसंच फिरव,” बाई म्हणाल्या. “मग दहापर्यंत मोज. मग बघ काय होतंय.”

श्रीपादने हे वहीत लिहून घेतलं. परत येताना त्याच्या बाजूचं दार उघडलं. बाईंनी ते ओढायला सांगितलं. श्रीपादने दार थोडंसंच ओढलं, दहापर्यंत मोजलं आणि मग बघितलं. तोवर चाचणीचे सगळे कागद खालच्या ज्वारीत पोचले होते. अशा वेळी मोजत बसू नये, एकदम सगळा जोर लावावा, असं बाईंनी बजावलं. तेही वहीत गेलं.

गुरुवारी वेग एकोणनव्वदवर आला. एकच कमी. जरा बघ, असं बाई म्हणाल्या. श्रीपादने सगळा जोर लावून नॉब शेवटपर्यंत पिळला. विमानाचं नाक आभाळाकडे गेलं, वेग सत्तर झाला, साठ झाला, धोक्याचा भोंगा किंचाळू लागला. बाईंनी यंत्र बंद केलं, नाक खाली दाबलं आणि आमराईच्या शेंड्यांवरून विमान कसंबसं सावरलं. मग धावपट्टी येईपर्यंत त्या रामरक्षा म्हणत राहिल्या. श्रीपाद मात्र शांत होता. घाबरायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

खाली उतरल्यावर बाईंनी त्याला समोर बसवलं.

“वेग कमी झाला की आधी नाक खाली करायचं. उतारावर सायकल पळते ना, तसा वेग आपोआप वाढतो. आणि अशा वेळी मला विचारत बसायचं नाही.”

शुक्रवारी नॉब बाईंनीच फिरवला. यंत्राने तासभर वेग नव्वदवरून हलू दिला नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षांत प्रथमच त्यांना कुणावर तरी माया करावीशी वाटली, आणि समोर श्रीपादच होता. उद्या लवकर येऊन विमानावर लक्ष ठेव, असं त्यांनी त्याला प्रेमाने सांगितलं.

शनिवारी सातला श्रीपाद हजर. विमान जागच्या जागी उभं होतं. त्याने आत बसून वेगाचा काटा बघितला. वेग शून्य. एवढा कमी तर तो गुरुवारीसुद्धा झाला नव्हता. बाईंची सात वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत वाया चालली होती. बाईंना फोन करण्याचा मोह त्याने आवरला. पलीकडे गटार खणणारे दोन गडी होते. त्यांना कुदळ-फावड्यासकट बोलावून तो स्वतःही कामाला लागला.

दहा वाजता बाई तपासनिसांना घेऊन आल्या. पुढचं चाक खड्ड्यात होतं, पंखा मातीत रुतला होता आणि शेपूट आभाळात. तपासनिसांनी काढलेलं पेन परत खिशात ठेवलं.

श्रीपाद घाम पुसत खड्ड्यातून वर आला.

“मॅडम, नाक दोन फूट खाली घेतलंय, पण वेग अजून शून्यच आहे. आणखी खणू का?”