धनेशाची ढोली

कोकणातल्या एका देवराईत पक्षी पाहणाऱ्यांच्या गाड्या नुकत्याच यायला लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी दोन पिल्लांना घेऊन बसली होती. ढोलीचं तोंड तिने लिंपून बंद केलं होतं. उरलेल्या फटीतून नर तिला वडाची फळं भरवायचा आणि खाली माणसं कॅमेरे रोखून उभी असायची.

“अहो, मला भीती वाटते,” ती म्हणाली.

“अगं, ती नुसती बघतात. आपल्याला कुठे काय करतात?”

“पण ती कुठे बघतात, हे दुसरं कुणी बघत असेल तर?”

नर हसून उडून गेला.

दुपारी माणसं गेली आणि खोडावर नखांचा आवाज आला. तो वर चढत फटीशी येऊन थांबला. घोरपडीची लांब जीभ आत शिरली. मादीने पिल्लांना पोटाखाली घेतलं आणि चोच मारली. जीभ पुन्हा आली. लिंपण ढासळू लागलं. तेवढ्यात नर परतला आणि ओरडत घोरपडीवर तुटून पडला. ती धपकन खाली पडली आणि पाचोळ्यात दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी माणसं आली, तेव्हा नर चोचीत फळ धरून लांबच्या आंब्यावर बसला होता. सगळे कॅमेरे तिकडे वळले. ढोलीत पिल्लं भुकेने कळवळत होती.

“गप्प राहा रे,” मादी कुजबुजली, “ती माणसं जाईपर्यंत.”