तगारेंची पट्टी

“…मग हा आकडा खाली का येत नाही, बाबा?”

मुकुंद तगारेंनी मनगट पुढं केलं. दगडूशा फकिरानं मान वर केली नाही. पौषातली सकाळ, दर्ग्याच्या ओट्यावर ऊन अजून यायचं होतं, आणि म्हातारा कंदिलाची काच पुसत बसला होता.

“काय बांधलंयस ते?”

“पट्टी. कातडीवरचा घाम बघून मनावर ताण किती, ते सांगते. मीच बनवली.”

सांगताना मान जरा ताठ झालीच. माणूस हुशार, त्यात शंका नाही. दहा हजार लोकांच्या मनगटावर त्यांची पट्टी. स्वतःचा आकडा मात्र तीन महिने ऐंशीच्या खाली उतरेना. असंच चाललं तर काळीज दगा देईल, असा डॉक्टरानं दम भरलेला.

“ताण वाढला की काय करते?”

“फोनवर कळवते. घरच्या माणसाला.”

“तुझ्या घरी कुणाला कळवते?”

“मलाच.”

बायको लेकीला घेऊन गेली त्याला दोन वर्षं झाली होती. पट्टी सुरू करायला जवळच्या माणसाचा नंबर लागतो. त्याशिवाय ती पुढं सरकतच नाही. तो नियमही तगारेंनीच घातलेला. शेवटी त्यांनी आपलाच दुसरा नंबर टाकला. आता रोज संध्याकाळी अकराव्या मजल्यावर तो फोन वाजायचा. ‘मुकुंद तगारे ठीक नाहीत. त्यांची चौकशी करा.’ तगारे वाचायचे आणि फोन पालथा घालायचे. हे सगळं त्यांनी म्हाताऱ्याला सांगून टाकलं.

“मग, करतोस चौकशी?”

तगारेंनी मनगटावरची पट्टी उगाच फिरवली.

“बाबा, श्वासाचे सगळे प्रकार करून झाले. एखादा मंत्र द्या.”

“मंत्रबिंत्र नाही माझ्याकडं. हात दे इकडं.”

म्हाताऱ्यानं काच बाजूला ठेवली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला. आता पुटपुटेल, फुंकर मारेल, म्हणून तगारे वाट बघत राहिले. म्हातारा काहीच करेना. नुसता बसला.

तगारेही बसले.

बराच वेळ…

मग त्यांनी मोकळ्या हातानं हळूच फोन काढला.

बावन्न.

“बाबा, काय केलंत तुम्ही? मला कळलंच पाहिजे. पट्टीत घालता येईल, सगळ्यांना उपयोगी पडेल.”

“काही नाही केलं.”

“मग हात कशाला मागितलात?”

“माझे गारठले होते. सोडू नको एवढ्यात.”